पोरांच्या कामाची वही ठेवा, पण तिच्यात दर लिहू नका



मागचा उधारी वसुलीचा व्हिडिओ मी दुकानात न करता घरी शूट केला, कारण दुकानासमोरचा रस्ता खोदलाय. व्हिडिओ उधारीवर होता, पण बऱ्याच जणांनी विचारलं भलतंच. "सर, मागे खिळ्याला दोरीनं बांधलेली ती वही कसली?"

ती आमच्या घरातल्या कामांची वही आहे. कोणी काय केलं, किती वेळ लागला, ते त्यात लिहिलेलं असतं. मला दोन मुलं. थोरली अकरा वर्षांची, धाकटा आठ वर्षांचा. वही मुख्यतः त्यांच्यासाठी सुरू केली.

म्हटलं यावर लिहावंच. कारण तुमच्यापैकी बरेच जण आता धंदा सुरू करताय, घरात लहान मुलं आहेत, आणि मी केलेली चूक तुम्हीही करणार याची मला जवळजवळ खात्री आहे. आपण नवीन नवीन धंदा शिकतो ना, तेव्हा सगळीकडे धंदाच दिसायला लागतो. घरातसुद्धा.

मी काय केलं होतं?

गेल्या वर्षी जूनमध्ये शाळेचा सीझन होता. आमचं स्टेशनरीचं दुकान. वह्या, दप्तरं, कव्हरं, रात्री दहा-दहापर्यंत गर्दी. मी आणि बायको दोघंही दुकानात. घरी आई एकटी, तिचे गुडघे दुखतात. पोरांनी थोडा हातभार लावायला हवा होता. सांगून सांगून तोंड दुखलं. मग मला माझं बीबीए आठवलं. इन्सेंटिव्ह! कामाला दर लावा, माणूस आपोआप पळतो.

एक कार्डशीट घेतली आणि मार्करनं रेट कार्ड केलं. चपला-बूट नीट लावणे १ रुपया. पाण्याच्या बाटल्या भरणे २ रुपये. जेवायची ताटं मांडणे २ रुपये. कुंड्यांना पाणी २ रुपये. घंटागाडीला कचरा देणे ३ रुपये. काम केलं की आपल्या नावापुढे रेघ मारायची, महिनाअखेर हिशोब.

पहिला आठवडा काय सांगू! घर चकाचक. मी तर त्यावर व्हिडिओ करायचा ठरवलं होतं. बरं झालं केला नाही.

दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की धाकटा चपला दिवसातून तीन-तीनदा लावतोय. एकदा मी स्वतः पाहिलं, तो आधी पायानं चपला विस्कटत होता आणि मग लावत होता. मला हसू आलं. म्हटलं, पोरगं धंद्यात नाव काढणार.

तिसऱ्या आठवड्यात हसू गेलं. रविवार होता, दुपारची वेळ. आई पलंगावर बसली होती. म्हणाली, "बाळा, जरा पाणी दे रे." धाकटा टीव्ही बघत होता. मान न वळवता म्हणाला, "आजी, बाबांच्या लिस्टमध्ये ते नाहीये. किती रुपये देणार?"

आई काही बोलली नाही. भिंतीला हात लावत उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आली. मी तिथेच मोबाईलवर ऑर्डर बघत बसलो होतो.

मुलाला रागवायला तोंड उघडलं आणि गप्प बसलो. तो काय चुकीचं बोलला होता? घरातल्या कामाला दर असतो हे मीच त्याला शिकवलं होतं. त्यानं फक्त नवीन कामाचं कोटेशन मागितलं.

हिशोब बरोबर, पण खोटा

तरी मी तक्ता लगेच काढला नाही. म्हटलं, महिना पूर्ण होऊ दे. आपल्याला आकडे बघायची सवय ना!

महिनाअखेर हिशोब केला. धाकट्याचे झाले १५१ रुपये. थोरलीचे ५८. मी धाकट्याची पाठ थोपटली आणि थोरलीला म्हणालो, "बघ, तुझ्यापेक्षा लहान आहे तो." ती काही न बोलता आत गेली.

बायको तिथे कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, "तुझ्या तक्त्यात आईंच्या गुडघ्याला तेल लावणं कुठेय?"

मला कळेचना. मग तिनं एकेक काढायला सुरुवात केली. सकाळी सहाला दूधवाला येतो, दार कोण उघडतं? थोरली. वाळलेले कपडे पाऊस यायच्या आत कोण काढतं? थोरली. संध्याकाळी भाजी कोण निवडून ठेवते? पाहुणे आले की चहाचं आधण कोण ठेवतं? आजीला गोळ्यांची आठवण कोण करतं? धाकट्याचा डबा दप्तरातून काढून घासायला कोण टाकतं?

यातलं एकही काम माझ्या तक्त्यात नव्हतं. का नव्हतं? कारण तक्ता मी बनवला होता, आणि ती सगळी कामं माझ्या डोळ्यांसमोर असूनही मला 'काम' म्हणून दिसतच नव्हती. मुलगी करतेच, आई करतेच, बायको करतेच. जे करतेच, त्याची नोंद कशाला?

बेरीज बरोबर होती. रुपयाचाही फरक नव्हता. पण तो हिशोब खोटा होता. आणि त्या खोट्या हिशोबावर मी एका पोराची पाठ थोपटली आणि दुसरीला टोमणा मारला.

हे फक्त माझ्या घरात होतं असं समजू नका. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये देशभर एक पाहणी केली होती, लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. त्यात सहा वर्षांपासून पुढच्या सगळ्यांना धरलं होतं. घरातल्या माणसांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्यांचं प्रमाण स्त्रियांमध्ये ८१.२ टक्के निघालं आणि पुरुषांमध्ये २६.१ टक्के. जे हे काम करतात, त्यातल्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात आणि पुरुष ९७ मिनिटं. २९९ मिनिटं म्हणजे पाच तासाला एक मिनिट कमी. वय सहापासून मोजलंय, हे लक्षात घ्या. सवय कधी लागते, ते त्यावरून समजा.

याचा तुमच्या धंद्याशी काय संबंध?

सरळ संबंध आहे. माझ्या बॅचमध्ये मी प्रत्येकाला त्याच्या धंद्याचा नफा लिहायला सांगतो. दहातले आठ जण घरच्या माणसाचं काम खर्चात धरत नाहीत.

समजा, तुमच्या दुकानाचा महिन्याचा नफा २२,००० रुपये दिसतोय. बायको रोज चार तास गल्ल्यावर बसते. तेवढ्या वेळासाठी माणूस ठेवला तर ६,००० रुपये जातील. आई घरी बसून पॅकिंग करून देते, ते बाहेरून करून घेतलं तर २,५०० लागतील. म्हणजे तुमचा खरा नफा १३,५०० आहे. बाकीचे ८,५०० रुपये दोन बायकांच्या श्रमाचे आहेत, ते तुम्ही नफ्यात धरलेत. उद्या आईचे गुडघे गेले की नफा का कमी झाला म्हणून तुम्ही मार्केटला दोष देणार.

जे लिहिलं जात नाही, ते मोजलं जात नाही. आणि जे मोजलं जात नाही, त्याची कदर होत नाही. म्हणून वही हवी. घरातही हवी. याबाबत माझं मत बदललेलं नाही.

बदललं ते पैशाबद्दल.

दर लावला की काय होतं?

इस्रायलमधल्या हैफा शहरात झालेला एक प्रयोग मी बॅचमध्ये नेहमी सांगतो. युरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या दोन अर्थतज्ज्ञांनी तो २००० साली प्रसिद्ध केला. तिथल्या पाळणाघरांमध्ये पालक मुलांना न्यायला उशिरा यायचे. प्रयोगासाठी दहा पाळणाघरं घेतली आणि त्यातल्या सहा ठिकाणी उशिरा येणाऱ्यांना दंड सुरू केला. वाटलं होतं, उशीर कमी होईल. झालं उलटं. उशिरा येणारे वाढले. का? आधी उशीर झाला की बाईंसमोर लाज वाटायची. आता लाज कसली? पैसे भरले, विषय संपला. पुढे दंड बंद केला, तरी उशिरा येणारे पूर्वीइतके कमी झाले नाहीत.

म्हणजे एखाद्या गोष्टीला एकदा दर चिकटला की तो सहज निघत नाही.

दुकानात मी हे स्वतः भोगलंय. काउंटरवरच्या मुलाला मी एकदा पेनांच्या विक्रीवर कमिशन लावलं. पेनं जोरात खपली. पण गोदामातला माल लावणं, काच पुसणं, म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला पिशवी भरून देणं, सगळं बंद. त्याचा दोष नव्हता. मी ज्याला पैसे लावले तेच काम, बाकीचं फुकट, असा अर्थ त्यानं काढला. पगारी माणसाच्या बाबतीत यावर उपाय आहे. पगार नीट ठरवा, कामं नीट लिहून द्या, कमिशन त्यावर थोडंसं ठेवा. कारण दुकान हा व्यवहारच आहे, तिथे दर असायलाच हवा.

घर हा व्यवहार नाही. आजीला पाणी देण्याचा दर दोन रुपये ठेवला, तर पोराला ज्या दिवशी दोन रुपये नको असतील त्या दिवशी आजीला पाणी मिळणार नाही. इतकं साधं आहे. आणि लिहून ठेवा, तो दिवस येतोच. आठ वर्षांच्या मुलाला दोन रुपये खूप वाटतात, पंधरा वर्षांच्याला काहीच वाटत नाहीत.

आता आमची वही कशी आहे?

गणपतीनंतर रेट कार्ड फाडून टाकलं. दुकानातली एक दोनशे पानी लाँगबुक घेतली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पद्धत सांगतो. जशीच्या तशी घेऊ नका, तुमच्या घराप्रमाणे बदला.

१. यादी सगळ्यांनी मिळून करायची. आम्ही रविवारी पाचही जण बसलो. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत घरात काय काय होतं ते प्रत्येकानं सांगायचं. मी चौदा कामं काढली असती. यादी एकेचाळीसवर गेली. आईनं सांगितलेली सहा-सात कामं तर मला माहीतच नव्हती. उदाहरणार्थ, गॅस सिलेंडरचा नंबर कधी लावायचा हे लक्षात ठेवणं.

२. सगळ्यांची नावं हवीत. वहीत फक्त पोरांची नावं असतील तर ती हजेरी होते. आमच्या वहीत आजी, बायको आणि मीही आहे. आपला रकाना रिकामा असताना पोराला बोलायला जीभ धजत नाही, हा एक फायदाच.

३. तुकडा देऊ नका, पूर्ण जबाबदारी द्या. "बाटल्या भर" हा तुकडा झाला. "पिण्याचं पाणी तुझ्याकडे" ही जबाबदारी. नळ कधी येतो हे बघायचं, हंडा-कळशी घासून भरायची, झाकण ठेवायचं, बाटल्या भरायच्या, पाणी कमी पडतंय असं दिसलं तर आधी सांगायचं. दुकानात "पुसून घे" सांगणं वेगळं आणि "हा रॅक तुझा" सांगणं वेगळं, तसंच हे. तुकड्याची रेघ मारून पोर मोकळं होतं. जबाबदारी दिली की ते विचार करायला लागतं.

४. वय बघा. आमच्याकडे धाकट्याला पाणी, चपला, घंटागाडी आणि स्वतःची अंथरुणं. घंटागाडीसाठी ओला-सुका कचरा वेगळा करणंही त्याच्याकडेच. थोरलीला कपडे, कुंड्या आणि डाळ-तांदूळ धुऊन ठेवणं. गॅस, इस्त्री आणि सुरी मोठं माणूस शेजारी असल्याशिवाय नाही.

५. दर महिन्याला अदलाबदल. यावर मी ठाम आहे. भाजी निवडणं मुलीकडे आणि बाहेरून सामान आणणं मुलाकडे, असं एकदा चिकटलं की ते लग्नापर्यंत सुटत नाही. आमच्या धाकट्याची मेथी अजून अर्धी देठासकट असते. खातो आम्ही.

६. ज्यानं केलं त्यानं लिहायचं. आपण टिक मारत बसायचं नाही. तारीख, काम, लागलेला वेळ. बस. खोटं लिहिलं तर? लिहितात कधी कधी. एकदा धाकट्यानं अंथरुणं काढली असं लिहिलं आणि गादीवर चादर तशीच. मी काही बोललो नाही. आईनं त्याला हाक मारून फक्त पान दाखवलं. त्यानं आपलं आपण खोडलं.

७. रविवारी दहा मिनिटं बसायचं. दुकानात आठवड्याचा स्टॉक बघतो तसं. रिकामा रकाना दिसला की एकच प्रश्न, "काय अडलं?" परीक्षा होती, ताप होता, विसरलो, कंटाळा आला, काहीही उत्तर चालतं. दंड नाही, बक्षीस नाही. पुढच्या आठवड्यात काय करायचं तेवढं ठरवायचं आणि उठायचं.

८. सवय लागली की नोंद बंद. चपलांची नोंद आम्ही दिवाळीनंतर बंद केली. वही मोठी होत जाणं हे यश समजू नका. जे काम न लिहिता होतं, ते वहीतून बाहेर काढा.

"मग पोरांना पैशाची किंमत कशी कळणार?"

हा प्रश्न तुम्ही विचारणार, आणि विचारायलाच हवा. आपण धंदेवाईक माणसं आहोत. पैसा म्हणजे पाप असं मी कधीच शिकवणार नाही.

आमच्याकडे पॉकेटमनी आहे. दर रविवारी धाकट्याला तीस आणि थोरलीला पन्नास रुपये. काम झालं तरी मिळतात, नाही झालं तरी मिळतात. त्या पैशाची वेगळी छोटी वही आहे, जमा आणि खर्च लिहायचा. संपले की संपले, उधारी नाही. पैशाची शिस्त तिथे शिकतात.

आणि कमाई शिकायची असेल तर खरी कमाई करू दे. दिवाळीत दोघांनी मिळून दुकानाबाहेर टेबल टाकून रांगोळीचे रंग विकले. माल मी होलसेल भावात दिला, भांडवल त्यांच्या पॉकेटमनीतून वजा केलं, नफा त्यांचा. हिरवा रंग उरला, लाल आणि पांढरा संपला. कुठला रंग किती घ्यायचा हे त्यांना आता पक्कं कळलंय. आजीच्या तांब्यावर दोन रुपये लावून हे शिकवता आलं नसतं.

पण इथे एक कायद्याची गोष्ट सांगायलाच हवी, कारण तुम्ही दुकानं काढणार आहात. बालकामगार कायदा १९८६ चा, त्यात २०१६ मध्ये सुधारणा झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. स्वतःच्या घरच्या धंद्यात मूल मदत करू शकतं, पण काम धोक्याचं नसावं आणि शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीतच. शाळा बुडवून गल्ल्यावर बसवणं चालत नाही. शेजाऱ्याच्या किंवा कामवाल्या मावशींच्या मुलाला "जरा हाताखाली" ठेवणं तर अजिबातच नाही. स्वतःच्या पोराच्या बाबतीतही माझं मत स्पष्ट आहे. मदत म्हणजे मदत. त्याच्या जिवावर माणूस कमी ठेवायचा हिशोब करत असाल, तर तो पुन्हा त्या ८,५०० रुपयांसारखाच नफा आहे.

आता खरं काय झालं ते सांगतो

वही सुरू करून बरेच महिने झाले. घर आदर्श वगैरे झालेलं नाही. पाणी भरायचं दोनदा राहिलं. धाकटा अजून टीव्हीसमोरून हलायला वेळ लावतो. थोरली आता स्पष्ट "आज तुझी पाळी आहे" असं म्हणते, पूर्वी गुपचूप करून टाकायची. काही नातेवाईकांना वाटतं की मुलगी उलट बोलायला लागली. मला वाटतं, तिला हिशोब कळायला लागला.

मागच्या रविवारी तिनं वही उघडली, माझ्या रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "बाबा, आजीला दवाखान्यात न्यायचं तुमच्याकडे होतं. तीन आठवडे रिकामं आहे. काय अडलं?"

मी नेहमीचं सांगितलं, दुकानात गर्दी होती. तिनं तसंच लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता शटर ओढून मी आईला घेऊन गेलो.

एक गोष्ट मात्र वहीनं भरून निघालेली नाही. आई अजून धाकट्याला पाणी मागत नाही. रात्री स्वतःच तांब्या भरून उशाशी ठेवते. मी सांगून पाहिलं, "अगं, तो देईल आता." ती म्हणते, "असू दे रे, अभ्यास असतो त्याला." रेट कार्ड एका महिन्यात तयार झालं आणि एका मिनिटात फाडलं. त्याची किंमत आम्ही अजून भरतोय.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगणं आहे. आज दुकानातून घरी गेल्यावर एक वही घ्या. दर लिहू नका, नावंही लगेच लिहू नका. फक्त सगळ्यांना बसवून घरातल्या कामांची यादी करा आणि तुमच्या घरातली सगळ्यात कमी बोलणारी व्यक्ती जी असेल, तिला आधी बोलू द्या. यादी कितीवर जाते ते बघा.

पुढच्या व्हिडिओत घरच्या माणसाचा पगार धंद्याच्या खर्चात कसा धरायचा, ते पूर्ण हिशोबासह दाखवतो. तोपर्यंत भेटू, आणि हो, घंटागाडीचा हॉर्न वाजला तर तुम्ही स्वतःच जा एकदा!